पाणी एकटं येत नाही

मिरज, वाळवा किंवा नदीपलीकडचा शिरोळ, या भागातल्या शेतकऱ्यांकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. रानात दोन-तीन फूट खणलं की पाणी लागतं. वर मात्र उसाची पानं कडेने करपतात, फुटवे मरतात आणि उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरा थर येतो. मुळांशी एवढं पाणी असताना ऊस तहानेने का वाळावा?

उत्तर शोधायला आधी कृष्णेच्या उगमाकडे जाऊ.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच मीटरच्या आसपास पाऊस पडतो. ढगातून सुटलेला थेंब जवळजवळ शुद्ध असतो. वाटेत हवेतला थोडा कार्बन डायॉक्साइड त्यात विरघळतो, तो किंचित आम्लधर्मी होतो आणि बेसॉल्टवर पडतो. पाण्याचा रेणू सरळ रेषेत नसतो, १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेला असतो. या वाकण्यामुळे त्याच्या एका बाजूला किंचित धन आणि दुसऱ्या बाजूला किंचित ऋण भार येतो. परिणाम प्रचंड आहे. धन आणि ऋण आयन एकमेकांना ज्या जोराने धरून ठेवतात, तो जोर पाण्यात हवेतल्यापेक्षा सुमारे ऐंशी पटींनी कमी होतो. मग सह्याद्रीचा कठीण कातळही हळूहळू सुटू लागतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि थोडी सिलिका असं एकेक घेऊन पाणी खाली उतरतं.

लाखो वर्षं हे चाललं की मागे काय उरतं, ते महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर आणि कासच्या पठारावर पाहायला मिळतं. तिथे जांभा आहे. पाण्याला जे विरघळवता आलं ते सगळं गेलं, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं तेवढी राहिली. २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या कासला आपण फुलं पाहायला जातो. पण तिथल्या दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती किडे का खातात, हे विचारलं तर उत्तर पाण्याकडेच येतं. कातळावरच्या पातळ, धुऊन निघालेल्या मातीत नत्र जवळजवळ नाही. तिथे तग धरायचा तर नत्र किड्याच्या अंगातून काढावा लागतो. सप्टेंबरमध्ये जांभळ्या गालिच्याचे फोटो काढणाऱ्यांनी गुडघे टेकून एकदा तो चिमुकला दवबिंदू पाहावाच. पाऊस फार झाला की भूक कशी पडते, ते त्या झाडाला ठाऊक आहे.

पठाराने जे गमावलं ते खोऱ्याला मिळालं. कराडला कोयना आणि हरिपूरला वारणा कृष्णेत मिसळते, तोवर त्या पाण्यात घाटमाथ्याचा बराच ऐवज विरघळलेला असतो. झाडाला घन काहीच खाता येत नाही. मुळातून जे आत जातं ते विरघळूनच जातं. आपल्या रक्तातलं सोडियमही असंच विरघळून फिरतं. तेव्हा पाण्याचा हा गुण सजीवांच्या मुळावर नाही, मुळाशी आहे. अडचण येते ती पाणी परत जाताना.

पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जड, तरी तो उणे ६० अंशांनाच उकळतो. पाणी मात्र १०० अंशांपर्यंत थांबतं आणि वाफ होताना किलोमागे सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. त्यामुळेच वैशाखात उसाचं पान भाजून निघत नाही. पानातून उडणारा प्रत्येक रेणू मागच्याला ओढतो आणि मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची अखंड तार ताणलेली राहते. पण वाफ होऊन उडतो तो फक्त पाण्याचा रेणू. क्षारांच्या आयनांना उडता येत नाही.

ज्यांच्या घरी अंघोळीचा तांब्याचा बंब होता, त्यांनी त्याच्या आत धरलेलं पांढरं पुट खरवडून काढलेलं असेल. विहिरीचं जड पाणी रोज तापायचं. त्यातला कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर कार्बन डायॉक्साइड सोडायचा आणि चुना होऊन भिंतीला बसायचा. बंब कितीही घासला तरी सहा महिन्यांत पुट पुन्हा तयार, कारण रोजच्या पाण्याबरोबर रोजचा चुना येत होता. खोऱ्यातलं शेतही असाच एक बंब आहे. त्याखाली जाळ उन्हाचा आहे आणि तो आतून खरवडता येत नाही.

हिशेब करून पाहू. चांगल्या समजल्या जाणाऱ्या पाण्यातही लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार सहज असतात. मोकाट पद्धतीने उसाच्या एका पिकाला दोन मीटर पाणी दिलं असं धरलं, तर एकरी सुमारे ८१ लाख लिटर होतं. त्यातून एकरात आलेले क्षार सुमारे २४०० किलो! पिकाने त्यातला थोडा भाग उचलला, पावसाने थोडा खाली धुतला. पण खालचं पाणी वर आलेलं असेल तर धुतलेलं जाणार कुठे? काळ्या मातीच्या बारीक छिद्रांतून ते केशाकर्षणाने पुन्हा वर चढतं, उन्हात उडतं आणि पांढरा थर सोडून जातं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. मुळाला पाणी आत घ्यायचं तर आतला रस बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त संहत हवा. बाहेरचं पाणीच खारट झालं की हा फरक मिटत जातो आणि पाणी दिसत असूनही मुळाला ते ओढता येत नाही. ऊस या बाबतीत नाजूक आहे. मातीच्या अर्काची क्षारता मीटरला १.७ डेसिसायमनच्या वर गेली की त्याचं उत्पादन घटू लागतं. ज्वारी जवळजवळ ६.८ पर्यंत तग धरते. आजोबांच्या शाळूने जे रान चालवून घेतलं, ते नातवाच्या उसाने का नाकारलं, याचं बरंचसं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पण क्षारपड ही दुखण्याची पहिलीच पायरी. मातीतलं पाणी आटतं तेव्हा बंबातल्यासारखा कॅल्शियम आधी चुनखडी होऊन बाहेर पडतो. सोडियम विरघळलेलाच राहतो आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढत जातं. मग तो मातीच्या कणांवर कॅल्शियमची जागा बळकावतो. कॅल्शियमवर दोन भार असतात, तो चिकणमातीचे पापुद्रे जवळ धरतो. सोडियमवर एकच भार, आणि भोवती पाण्याच्या रेणूंचं जाड वेष्टन. पापुद्रे सुटतात, कण विखुरतात, छिद्रं बुजतात. जमीन चोपण होते. ओली असताना चिखल, वाळली की दगड, आणि पाऊस पडला तर पाणी वरच डबकं करून बसतं.

मातीच्या कणांवर आयनांची अशी अदलाबदल होते, हे कळलं त्याची गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा एच. एस. थॉम्पसन हा जमीनदार शेणखतातला अमोनिया वाया कसा जाणार नाही, या काळजीत होता. १८४५ च्या सुमारास त्याने यॉर्कमधल्या स्पेन्स नावाच्या औषधविक्रेत्याच्या मदतीने मातीने भरलेल्या नळीत अमोनियम सल्फेटचं द्रावण ओतलं. खालून अमोनियम बाहेर आलंच नाही, कॅल्शियम सल्फेट आलं, म्हणजे चक्क जिप्सम. मग जॉन थॉमस वे या रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगांची रांगच लावली आणि १८५० पासून पुढे दाखवून दिलं की ही अदलाबदल ठरावीक प्रमाणात, झटपट आणि मुख्यतः चिकणमातीच्या कणांवर होते. तेव्हाचा कृषिरसायनाचा सम्राट लीबिग याला ते पटलं नाही. लीबिगचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे, वे याचं नाही, आणि हा अन्याय आहे. आज चोपण रानात जिप्समचं पोतं सोडणारा प्रत्येक शेतकरी वे याचीच क्रिया वापरतो. जिप्सममधला कॅल्शियम कणावर बसतो आणि सोडियम सल्फेट होऊन सुटतो. सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट नसेल तर मात्र तो तिथेच फिरत राहतो आणि पोत्याचे पैसे वाया जातात.

आपल्याकडे हे उशिरा कळलं असंही नाही. सातारा आणि पुणे जिल्ह्यांच्या हद्दीवरून वाहणाऱ्या नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला. पंचवीसेक वर्षांतच त्याच्या खालच्या जमिनी खारावल्या. आसामच्या चहामळ्यांवर संशोधन करून पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी त्या जमिनींचा अभ्यास केला. नीरा खोऱ्यातल्या खारजमिनींवरची त्यांची पुस्तिका मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने १९१० मध्ये छापली. कालव्याने वर आणलेलं भूजल हे कारण, निचरा हा उपाय. मॅन यांचं नाव पिंपळे सौदागरच्या पाहणीमुळे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना तरी माहीत आहे. ताम्हणे यांचं नाव कुणी घेत नाही. नीरेचा धडा नीट वाचला असता तर कृष्णाकाठच्या पुष्कळ जमिनी वाचल्या असत्या, असं मला ठामपणे वाटतं.

त्याऐवजी काय विकलं जातं? पाइपवर बसवायची चुंबकं. त्यांनी पाण्याची ‘रचना’ बदलते, खारं पाणी पिकाला गोड लागतं, असा दावा असतो. पाण्यातले हायड्रोजन बंध सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या हिशेबात तुटतात आणि नव्याने जुळतात, तिथे रचना टिकणार कशी? आणि सोडियमचं काय? चुंबकाआधी लिटरमध्ये जितका होता तितकाच नंतरही असतो. प्रयोगशाळेत दोन्ही नमुने तपासून घ्या, आकडा हलणार नाही.

हलतो तो निचऱ्याने. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात भूमिगत निचऱ्याचे प्रयोग झाले आहेत. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र आणून सच्छिद्र पाइपांची योजना गावोगाव राबवली. एकट्याने हे जमत नाही, कारण माझ्या रानातलं खारं पाणी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्याला जायला लागतं.

आता ताकारी, टेंभू, म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचं पाणी खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जतपर्यंत चढलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिलेल्या गावांचा तो हक्कच आहे. पण तिथे वर्षाचा पाऊस अर्ध्या मीटरच्या आसपास, म्हणजे साचलेले क्षार धुऊन काढायला तो पुरणार नाही. त्या तालुक्यांत पाटपाणी मोकाट सोडायचं नाही, ठिबकच करायचं, आणि ओढे-नाले बुजवून त्यावर बांध घालायचे नाहीत, हे आजच ठरवावं लागेल.

पुढच्या लागणीआधी माती आणि विहिरीचं पाणी दोन्ही तपासून घ्या. अहवालात नुसता सामू पाहून थांबू नका. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर जिप्सम लागेल, तेही निचऱ्याची सोय केल्यावर. सोडियम त्याखाली आणि क्षारता ४ च्या वर असेल, तर जिप्समवर पैसे घालू नका. आधी चर काढा.