निंबाखालचा गणिताचा तास

पारा चव्वेचाळीसला टेकला असताना मुलांना बाहेर खेळायला पाठवायचं तरी कसं? जळगाव-धुळ्याच्या पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. भर दुपारी पाठवूच नये. पण दारं-खिडक्या लावून सगळा दिवस कूलरसमोर बसवणं डोळ्यांना महाग पडतं.

२००८ साली सिडनीत कॅथरीन रोझ, इयन मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांचे डोळे तपासले. जास्त वेळ बाहेर असणाऱ्या मुलांत लघुदृष्टी, म्हणजे दूरचं धूसर दिसणं, कमी आढळली. खरी गंमत पुढेच आहे! बंदिस्त हॉलमधल्या खेळाचा असा उपयोग दिसला नाही. म्हणजे श्रेय धावपळीचं नव्हे, उजेडाचं. वर्गात उजेड असतो तीन-चारशे लक्स. भर उन्हात लाखाच्या आसपास, आणि निंबाच्या सावलीतही काही हजार. डोळा उजेडाशी जुळवून घेतो, म्हणून एवढा फरक आपल्याला जाणवत नाही, पण दृष्टिपटलाला कळतो. लख्ख उजेडात तिथे डोपामाइन जास्त स्रवतं आणि नेत्रगोल लांबट होण्याला, म्हणजेच लघुदृष्टीला, आवर बसतो, असं कोंबडीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांवरून मानलं जातं. चीनमध्ये ग्वांगझूच्या १२ शाळांतल्या प्रयोगाचा निकाल २०१५ मध्ये आला. ज्या शाळांत पहिलीपासून रोज ४० मिनिटांचा मैदानावरचा तास वाढवला, तिथे तीन वर्षांत सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी आली. बाकीच्या शाळांत जवळपास ४० टक्के.

बाहेरच्या उजेडात मूल खेळतंय की गणित करतंय, याच्याशी डोळ्याला देणंघेणं नाही. मग गणिताचाच तास बाहेर का नको? गणित तर इथलं जुनंच. आपल्या चाळीसगाव तालुक्यात, गौताळ्याच्या रानात पाटणादेवी आहे. गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला. शके ११२८ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली कितीतरी उदाहरणं उघड्यावरचीच: भुंगे, मोर, हंस, माकडं. माझं सर्वांत आवडतं कमळाचं. तळ्यात कमळाची कळी पाण्यावर वीतभर, म्हणजे अर्धा हात वर आली आहे. वाऱ्याने ती कलली आणि दोन हातांवर पाण्यात बुडाली. तर पाणी किती खोल? काटकोन त्रिकोण मांडा, उत्तर येतं पावणेचार हात. दोरी न सोडता तळ्याची खोली! जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठावर काठीने मातीत ही आकृती काढून पाहा, फळ्यावरचं कर्ण-वर्गाचं सूत्र एकदम जिवंत होतं.

महागड्या ‘निसर्ग शिबिरां’ची पत्रकं हल्ली घरोघरी येतात. त्यांची गरज नाही. सकाळी साडेसातलाही बाहेर पुरेसा लख्ख उजेड असतो. शाळेच्या आवारात निंब असेल, तर मुख्याध्यापकांनी रोजचा पहिला तास त्याखाली घ्यावा. आणि हे पहिलीपासूनच करावं. कारण बाहेरच्या उजेडाने चष्मा लांबतो, एकदा लागलेला नंबर मात्र उतरत नाही.