परत केलेली वस्तू आणि अडकलेले पैसे

पूर्वी देवघेव समोरासमोर होई. माल खोटा निघाला तर दुकानदाराला गावात तोंड दाखविणे कठीण जाई. आज आमच्या परसवाड्यातही घरबसल्या मागविलेला माल दारी येतो. पण परत पाठविलेली साडी ‘ही आमची नव्हेच’ असे कंपनीने कळविले, म्हणजे पैसे तर जातातच, वर प्रामाणिक गृहिणीवर लबाडीचा आळ येतो. अशा वेळी गप्प बसू नये, असे आम्हांस वाटते.

वस्तू परत देताना तिचे व खोक्याचे छायाचित्र घ्यावे, नेणाऱ्याकडून पोच घ्यावी. वाद उद्भवल्यास कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास लेखी कळवावे. २०२० च्या नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात तक्रारीचे निवारण करावयाचे असते. तेथे दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर फोन करावा.

अखेरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. १९८६ च्या कायद्याने, केवळ ग्राहक तेथे राहतो म्हणून त्याच्या जिल्ह्यात तक्रार करता येत नसे. २०१९ च्या कायद्याने ती सोय केली. दूरच्या महानगरातील कंपनीलाही आता आपल्याच जिल्ह्यात उत्तर द्यावे लागते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार करावी.

१९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत उभारली, ती सामान्य ग्राहक एकाकी पडू नये म्हणूनच. रक्कम लहान असेल. हक्क लहान नसतो.