खर्जाची तार आणि कुकरची शिट्टी

धाकट्या भाऊजींनी आमच्या मोरिवलीच्या दोन खोल्यांत बेस गिटार आणली. चार जाड तारांची ही गिटार गाण्याखाली खर्ज धरते. लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण करायचं तर घर गप्प हवं, म्हणून ऐन संध्याकाळी माझा कुकर बंद! "वहिनी, दहाच मिनिटं." एवढं करून आवाज पातळच. शेवटी कंटाळून गिटार विकायलाच निघाले.

मैत्रिणींनो, चूक गिटारची नव्हतीच. भाऊजी लॅपटॉपच्या माईकवर मुद्रण करत होते. गिटारची वायर 'ऑडिओ इंटरफेस' नावाच्या डबीत खोचून डबी यूएसबीने लॅपटॉपला जोडली, की तारेचा आवाज थेट आत जातो. शिट्टी नाही, मिक्सर नाही. सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं, ऑडॅसिटी. डबीला मात्र पैसे पडले. शिवाय सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरांना तो खर्ज पेलत नाही. हेडफोनच हवा. घुंऽऽ असा आवाज आला, तर चार्जर काढून बॅटरीवर करून बघावं. त्याने गेला, तर घरातलं अर्थिंग तपासून घ्यावं.

परवा कुकरच्या चार शिट्ट्या होईस्तोवर भाऊजींचं गाणं मुद्रित झालं. सासूबाईंच्या कानाला हेडफोन लावला, तर म्हणतात, "अगं, हा तर तंबोऱ्याचा खर्ज!"