अंगठ्याला विचारा

मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात स्नायूंवर मेंदूचा निरोप झेलणारे रिसेप्टर आधीच घटलेले असतात. दिल्लीच्या एम्समध्ये अशा रुग्णांची थायमस ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रिया होतात. भूल देताना स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा नेहमीचा डोस त्यांना फार जास्त ठरू शकतो. मग किती पुरे, हे झोपलेल्या माणसाला विचारायचं कसं? अंगठ्याला विचारायचं!

मनगटात करंगळीच्या बाजूने अल्नर मज्जातंतू जातो. त्यावर इलेक्ट्रोड चिकटवून अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने विजेचे चार झटके देतात. औषध नसेल तर निरोगी माणसाचा अंगठा चारही वेळा सारखाच हलतो. औषध चढलं की दुसरी हालचाल पहिलीपेक्षा लहान, तिसरी आणखी लहान होते; असर गाढ असेल तर अंगठा निश्चल. चौथीला पहिलीने भागून गुणोत्तर काढायचं. १९७० मध्ये लिव्हरपूलच्या अली, उटिंग आणि ग्रे यांनी मांडलेली ही पद्धत मला विलक्षण देखणी वाटते, कारण तुलना रुग्णाची त्याच्या स्वतःशीच होते. औषधापूर्वीचं माप हाताशी नसलं तरी सहसा अडत नाही.

स्नायूंजवळ राखीव साठा केवढा! जवळपास तीन-चतुर्थांश रिसेप्टर अडले तरी एका झटक्याची हालचाल उणी होत नाही. डोळेही फसतात. गुणोत्तर ०.४ च्या वर गेलं की चारही हालचाली अनुभवी डॉक्टरलाही सारख्याच दिसतात. श्वासपटल लवकर सावरतं, म्हणून रुग्ण श्वासही घेतो. घशाचे स्नायू मात्र अजून ढिले असतात आणि लाळ श्वासनलिकेत उतरू शकते. म्हणून यंत्राने मोजलेलं गुणोत्तर निदान ०.९ झाल्यावरच घशातली श्वासाची नळी काढायची.

थंडगार शस्त्रक्रियागृहात हात गार पडला तर अंगठ्याची हालचाल मंदावते आणि औषधाचा असर आहे त्याहून जास्त भासतो. दिल्ली-गुरुग्रामच्या रुग्णालयांत आता रुळलेल्या रोबोटिक शस्त्रक्रियांत तर रुग्णाचे हात अंगालगत बांधलेले असतात. अंगठ्याला हलायला जागाच नसते. तिथे हालचालीऐवजी स्नायूत उमटणारी वीज मोजणारं यंत्र कामी येतं. ते नसेल तर भुवईजवळचा स्नायू तपासतात, पण तो घशाच्या आधी जागा होतो. म्हणून भुवई चारही वेळा हलली, तरी नळी काढण्याआधी हात मोकळा करून अंगठ्याचा आकडा घ्यावा लागतो.