विकत घेतलेले रहस्य

जादूच्या एखाद्या प्रयोगाचे रहस्य पैसे मोजून घ्यावे आणि उघडून पाहताच ‘इतकेच काय ते?’ असे उद्गार निघावेत, हा अनुभव हौशी शिकाऊंना पिढ्यान्‌पिढ्या येत आहे. पूर्वी तो पुस्तकांतून येई, पुढे टपालाने येणाऱ्या पाठांतून. आता चित्रफितींतून येतो. दर वेळी फसवणूकच असते असे नाही. जाहिरात सांगते ते प्रेक्षकाला काय दिसते हे. हाती पडते ती कृती, आणि ती पुष्कळदा एखाद्या काळ्या दोऱ्याइतकी क्षुल्लक असते.

फ्रान्समधील ब्ल्वा गावी १८०५ साली जन्मलेल्या झाँ-यूजेन रोबेर या घड्याळजीचा अनुभव याहून थोडा निराळा. त्याने घड्याळांवरील ग्रंथ मागितला. पुस्तकविक्रेत्याने गडबडीत हातचलाखीची पुस्तके बांधून दिली. ती वाचून तो वेडावला, पण लवकरच अडला. १८५८ सालच्या आत्मचरित्रात (त्यात तिखटमीठ पुष्कळ आहे, हेही सांगितले पाहिजे) त्याची तक्रार अशी की, लेखकाचे स्पष्टीकरण सोपे होते. मात्र वाचकाच्या अंगी कसब आधीच आहे असे त्याने गृहीत धरले होते. चित्रकलेचा गंध नसलेल्याने चित्राची नक्कल करावी, तशी आपली गत झाली, असे तो म्हणतो.

ही तक्रार रास्तच होती. नाणे तळहातात लपविण्याचे उदाहरण घ्यावे. अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा आणि तळहाताची समोरची कड यांच्या दाबात नाणे धरावयाचे. एका वाक्यात कृती संपली. परंतु बोटे सैल दिसली पाहिजेत, आणि जादूगाराची नजर ज्या हातात नाणे नाही त्या हातावर खिळली पाहिजे. कारण तो पाहील तिकडेच प्रेक्षक पाहतात. याला महिने लागतात. ते न सांगणारा विक्रेता अर्धाच माल देतो.

रोबेरने गावातील कुरुपे काढणाऱ्या एका गृहस्थाला दहा फ्रँक देऊन चेंडू झेलण्याची विद्या घेतली. महिन्याभरात चार चेंडू हवेत राहू लागले. मग ते उडत असतानाच समोरचे पुस्तक वाचण्याचा सराव त्याने केला. जेवतानासुद्धा एक हात खिशात घालून तो बोटांना वळण लावी.

पुढे पत्नीचे आडनाव जोडून तो रोबेर-हूदँ झाला. १८४५ साली पॅरिसमध्ये त्याने स्वतःचे रंगमंदिर उघडले, तेव्हा त्याला चाळिसावे वर्ष चालू होते.