बंदुकीची मर्यादा आणि शेताची राखण

बंदूक कोणाच्या हाती आहे याइतकाच ती किती वेगाने मारा करते, हाही कायद्यापुढील महत्त्वाचा प्रश्न असतो. अमेरिकेने १९९४ साली दहाहून अधिक काडतुसे मावणाऱ्या नव्या मॅगझीनवर बंदी घातली; २००४ साली मुदत संपताच ती लोपली. ख्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसे मारली गेल्यावर न्यूझीलंडनेही २०१९ मध्ये मोठ्या मॅगझीनना मनाई केली. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने मात्र काडतुसे मोजण्याऐवजी यंत्रणेवरच बोट ठेवले. घोडा दाबून धरला असता मॅगझीन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील, असे हत्यार त्याने निषिद्ध ठरविले. नळी आखूड करणे वा एका वर्गातील बंदुकीचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करणे यासही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास किमान सात वर्षे कैद असून ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते.

ही कठोरता योग्यच आहे. घुग्घुससारख्या कोळशाच्या गावी देशी कट्ट्याचे भय काल्पनिक म्हणता येणार नाही. परंतु त्याच अधिनियमाची दुसरी बाजू आपण विसरत चाललो आहोत. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी नागरिकाने ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितल्यास, नकाराचे कायदेशीर कारण नसेल तर तो द्यावा, असे कलम १३ सांगते. या बंदुकीस आपल्याकडे भरमार म्हणतात. दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून ठासावे लागत असल्याने एका बारानंतर पुन्हा सज्ज होण्यास वेळ जातो. तिची मर्यादा तिच्या घडणीतच आहे. तिला वेगळ्या मर्यादेची गरज नाही.

गडचिरोलीतील गावकऱ्यांनी पोलिसांच्या आवाहनानुसार विनापरवाना भरमार बंदुका वेळोवेळी जमा केल्या, हे स्वागतार्ह आहे. पण रानडुकरे काही शरण आलेली नाहीत. शेतकऱ्यास बंदुकीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाचा आणि डुक्कर मारण्याच्या परवानगीसाठी वनखात्याचा, असे दोन उंबरठे झिजवावे लागतात. अर्थशास्त्राचा साधा नियम असा, की वैध साधन महाग व दुर्लभ झाले म्हणजे गरज नाहीशी होत नाही. ती स्वस्त पर्यायाकडे वळते. येथे तो पर्याय म्हणजे कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह. त्याने डुक्कर मरते, तसा वाघही मरतो आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही. बंदूक धरणारा निदान नेम धरतो. तार कोणालाच ओळखत नाही.

तेव्हा वेगवान हत्यारे व त्यांतील फेरफार यांवर कायद्याचा हात जड असावा. पीकरक्षणाच्या अर्जांचा निकाल मात्र पेरणीपूर्वी, वनखाते व महसूल यांनी तालुक्याच्या ठिकाणी एकत्र बसून लावावा. परवाना नाकारावयाचा असेल, तर नुकसानभरपाई तरी हंगामाच्या आत हाती पडावी. दोन्हीही न देणारे शासन शेतकऱ्यास तारेकडेच ढकलीत असते.