रागाचेही धडे हवेत!

“किती मार्क पडले?” शाळेतून आलेल्या मुलाला आपण हे हमखास विचारतो. “आज कुणाशी भांडलास? मग मिटलं कसं?” हे मात्र क्वचितच. राग कसा आवरावा, रुसलेल्या मित्राशी कसं बोलावं, हे मोठेपणी आपोआप येईल अशी आपली समजूत असते. पण मैत्रिणींनो, पाढ्यांसारखं तेही शिकवावं लागतं बरं का!

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० नंतरच्या दशकात मुलांसाठी दहा जीवनकौशल्यं सांगितली. स्वतःला ओळखणं, दुसऱ्याचं मन जाणणं, भावना आणि ताण सांभाळणं ही त्यांतलीच. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ साली नर्सरीपासून आठवीपर्यंत अशा शिक्षणासाठी वेगळी तासिकाच सुरू झाली.

“पण अभ्यासाचं काय?” ही शंका रास्तच. अमेरिकेतले जोसेफ डर्लाक आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली अशा २१३ उपक्रमांचा आढावा घेतला. त्यांत २ लाख ७० हजार मुलं होती. शिकलेल्या मुलांची वागणूक तर सुधारलीच, पण अभ्यासातही प्रगती दिसली. शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभं असलेलं मूल अकरा जागा पुढं सरकावं, एवढी! कारण उघड आहे. मनात खदखद असली की पुस्तकात लक्ष लागत नाही.

घरी काय करता येईल?

मूल पाय आपटत आलं, तर “गप्प बैस” म्हणू नका. “ताईनं पतंग फाडला म्हणून राग आला ना?” असं विचारा. रागाला नाव मिळालं की मूल बोलू लागतं. मात्र राग आला तरी हात उगारायचा नाही, हे ठामपणे सांगा.

भावंडांच्या भांडणात लगेच न्यायाधीश होऊ नका. दोघांना आळीपाळीनं बोलू द्या. तोडगा त्यांनाच सुचू द्या.

“मुलींसारखा रडतोस काय?” हे वाक्य तर घरातून हद्दपारच करा. रडू दाबलं म्हणून दुःख जात नाही. ते फक्त आपल्यापासून लपतं.

आणि आपलं काय? आपण भांडी आदळली, तर मूल तेच उचलतं. त्यापेक्षा “मी आत्ता चिडलेय, दहा मिनिटांनी बोलू,” असं म्हणून पाहा. मुलाला याहून सोपा धडा कुठला?